बत्तीस यंत्रमानव, सेक्टर एच

१८ फेब्रुवारी २०१० रोजी, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी यंत्रमानव असल्याचं जाहीर झालं. मी एकटा नव्हे. माझ्यासह एकूण बत्तीस जण, आणि त्यातले सव्वीस तर पीएच.डी. झालेले. जाहीर करणारा अमेरिकेतला एक संगणक होता. त्याने आपला निर्णय आमच्या सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी, एकाच शब्दांत लिहून पाठवला. तुमच्या पत्त्यावरून येणाऱ्या मागण्यांचा वेग पाहता तुम्ही मनुष्य नसून एखादं स्वयंचलित यंत्र आहात असं आम्हाला वाटतं, सबब तुम्हाला दार बंद करण्यात येत आहे, तसं नसल्यास कृपया कळवावं. भाषा अतिशय सभ्य होती. आमच्या ऑफिसात रजेचा अर्जसुद्धा इतक्या सभ्य भाषेत नामंजूर होत नाही.

आम्ही काय करत होतो ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की बत्तीस जण मिळून काही भलतंच पाहत होतो. लखनौच्या आमच्या सरकारी संशोधन संस्थेत मी भरवलेली ती दोन दिवसांची कार्यशाळा होती. माणसाच्या, उंदराच्या, तांदळाच्या पेशीतला सगळा आनुवंशिक मजकूर आता वाचून झाला आहे आणि तो इंटरनेटवर कुणालाही पाहायला ठेवला आहे. एकट्या माणसाचा म्हटला तरी तीन अब्ज अक्षरं. त्यातून आपल्याला हवं ते जनुक शोधायचं, ते कितव्या गुणसूत्रावर आहे, किती तुकड्यांत आहे, उंदरात त्याचं भावंड कोणतं, हे बघायचं, यासाठी काही संकेतस्थळं आहेत. या संकेतस्थळांवर व्याख्यानं देणारे आपल्याकडे खंडीभर, पण स्वतःच्या हाताने ती वापरलेले मोजके. म्हणून माझ्या कार्यशाळेचं नावच 'प्रात्यक्षिक प्रशिक्षण' होतं. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक जनुक निवडायचं, पडद्यावर शोधून काढायचं आणि दोन पानी उत्तरपत्रिका भरून द्यायची.

यात माझा स्वार्थ होता, तो लपवण्यात अर्थ नाही. 'सायंटिस्ट एफ' या वरच्या पदाच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, मुलाखतीतून मला दोनदा परत पाठवलं होतं. दोन्ही वेळा फायलीवर एकच शेरा होता, 'प्रशिक्षणकार्य नाही'. आमच्याकडे तिसरी संधी शेवटची असते. तिसऱ्यांदा नापास झालेला शास्त्रज्ञ निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत बसतो आणि त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं त्याला 'सर, सर' म्हणत वर निघून जातात. कार्यशाळेला मान्यता देताना दिल्लीच्या खात्याने अट घातली होती. शुक्रवारी दुपारी निरीक्षक म्हणून डॉ. पद्मा राघवन येतील, तिसाच्या तीस प्रशिक्षणार्थींनी स्वतः काम केलं की नाही ते पाहतील आणि फॉर्मवरच्या एका चौकोनात 'होय' किंवा 'नाही' लिहितील. माझ्या नोकरीची उरलेली चौदा वर्षं त्या चौकोनावर अवलंबून होती.

शिकवायला पुण्याहून मैत्रेयी आली होती. वय अठ्ठावीस, पण या विषयात तिचा हात धरणारं कुणी नाही. आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "सबनीस काका, सगळ्यांना आपापल्या वेगाने करू द्या हं." मी नुसता हसलो. कॉलेजात तीन वर्षं एन.सी.सी. केलेल्या माणसाला शिस्तीचं काय सांगायचं? आपापल्या वेगाने म्हणजे पहिल्या रांगेतला पुढे पळणार आणि शेवटच्या रांगेतला क्रिकेटचा स्कोअर बघत बसणार. म्हणून गुरुवारी सकाळी मीच माइक हातात घेतला. सर्वांनी इन्सुलिनच्या जनुकाचं नाव टाइप करावं, पण बटण दाबू नये, मी तीन म्हणेन तेव्हाच दाबायचं, असा हुकूम दिला. "एक... दो... तीन!"

तीस बोटं एकदम खाली आली. इतकी सुंदर कवायत झाली की माझ्या अंगावर काटा आला. पडद्यावर मात्र काही आलं नाही. अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. लिफ्ट आली नाही की आपण बटण पुन्हा दाबतो. मी म्हटलं, "फिर से दबाइए." पुन्हा दाबलं. "फिर से." पुन्हा. "एक बार और, ज़रा ज़ोर से." मैत्रेयी मागून दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, पोरीला कौतुक वाटतंय. नंतर कळलं की आमच्या संस्थेतले सगळे संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात. म्हणजे अमेरिकेतल्या त्या संगणकाला असं दिसत होतं की लखनौमधला कुणीतरी एकच इसम सेकंदाला तीस वेळा इन्सुलिन मागतो आहे आणि काही केल्या थांबत नाही. त्याच्या जागी मी असतो तरी दार लावून घेतलं असतं.

"काही नाही काका, त्यांना एक मेल करायचा," मैत्रेयी म्हणाली. "आम्ही माणसं आहोत, इथे कार्यशाळा चालू आहे, असं कळवायचं. संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून गेला पाहिजे, एवढंच."

'एवढंच' हा शब्द पुण्याच्या माणसाने लखनौच्या सरकारी कचेरीत वापरू नये. संस्थेच्या वतीने परदेशी पत्र जायचं तर डायरेक्टर साहेबांची परवानगी लागते. डायरेक्टर साहेब दिल्लीत होते. ते नसतील तर प्रशासकीय अधिकारी त्रिवेदीजींची सही लागते. त्रिवेदीजींनी मसुदा दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"डॉक्टर साहब, इसमें लिखा है कि ये बत्तीस लोग मनुष्य हैं."

"जी."

"इनमें हमारे कितने हैं?"

"दस. मेरे समेत."

"दस को तो हम प्रमाणित कर देंगे. सर्विस बुक है उनकी. बाकी बाईस?"

"वो दूसरे कॉलेजों से आए हैं."

"तो अपने-अपने कॉलेज से लिखवाकर ले आएँ. कल को कुछ निकल आया तो जवाब किसको देना पड़ेगा?"

मी म्हटलं, निघायचं काय आहे, सगळे वर चहा पिताहेत, स्वतः येऊन बघा. "देखने से क्या होता है," त्रिवेदीजी म्हणाले, आणि ते त्यांनी इतक्या समजुतीच्या सुरात म्हटलं की क्षणभर मलाही पटलं. फाईल उघडली गेली. तिच्यावर विषय लिहिला, 'मनुष्य होने के प्रमाणीकरण के संबंध में'. बाहेर जाणारं पत्र दोन्ही भाषांत हवं म्हणून ती राजभाषा कक्षात गेली, आणि दुपारी चारच्या सुमारास कळलं की ती सोमवारच्या आत परत येणार नाही.

तोवर मैत्रेयीने बिचारीने चित्रं दाखवून वेळ काढला. म्हणजे व्याख्यानच झालं, जे होऊ नये म्हणून सगळा खटाटोप होता. चहाच्या वेळी गोंड्याच्या कॉलेजातून आलेल्या डॉ. शहाना रिज़वी माझ्याजवळ आल्या. पन्नाशीच्या, शांत बाई. म्हणाल्या, "सबनीस साहब, बाईस साल से जीन पढ़ा रही हूँ, सिर्फ़ किताब की तस्वीर से. सोचा था, इस बार अपनी आँख से देखकर जाऊँगी." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. त्रिवेदीजींचा मला राग आला होता. या बाईंसमोर मात्र मला माझी लाज वाटली, आणि ती दिवसभर गेली नाही.

संध्याकाळी सातला मैत्रेयीला घेऊन जानकीपुरमच्या सेक्टर एचमध्ये घरी आलो. गेस्ट हाउस भरलेलं असल्यामुळे ती आमच्याकडेच उतरली होती. फाटकाशीच शेजारचे रस्तोगीजी उभे. सचिवालयातून निवृत्त झालेला माणूस, त्यांना सगळी बातमी माझ्याआधी पोचलेली असते. "अर्जी तीन प्रतियों में दीजिए," ते म्हणाले, "और एक पर रिसीविंग ज़रूर लीजिए." अमेरिकेची पोच कुठल्या खिडकीवर मिळते, हे मी विचारलं नाही. समोरचे मिश्राजी इंटर कॉलेजात भूगोल शिकवायचे. त्यांच्या मते दोष अर्थिंगचा होता. गेल्या वर्षी त्यांच्या गीझरलाही असंच झालं होतं.

घरात पाऊल टाकतो तो मानक नगरहून चंद्रकांत पेठ्यांचा फोन. पेठे रेल्वेच्या संशोधन खात्यात इंजिनियर, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी.

"अहो सबनीस, आम्ही ब्रेकची साधी नळी घेतो तरी आधी तिच्यावर लोड टाकून बघतो. तुम्ही तीस माणसं एकदम सोडलीत? गाडी असती तर चौकशी बसली असती तुमच्यावर."

"बसेल हो, काळजी करू नका."

"आणि रविवारी मंडळात हा किस्सा सांगा. दहा मिनिटं ठेवतो तुमच्यासाठी."

मी जेवणार नाही असं जाहीर केलं. नयनाने, म्हणजे माझ्या बायकोने, पानं घेतली. "आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर पण बंद झालंय का ते?" तिने विचारलं. मी तिला शास्त्रज्ञाच्या संयमाने समजावलं की नयना, अमेरिकेने बंद केलं म्हणजे बंद केलं, त्यात घरचं आणि दारचं असं नसतं. माझं वाक्य संपायच्या आत आतल्या खोलीतून आमचे चिरंजीव हृषीकेश ओरडले, "बाबा, ये तो खुल रहा है!" लखनौत वाढलेला मुलगा, त्याला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं.

मैत्रेयी ताटावरून उठली. "अय्या, माझ्या लक्षातच नाही आलं! काका, त्यांनी संस्थेचा पत्ता अडवलाय. प्रत्येक घरचं कनेक्शन म्हणजे वेगळा पत्ता. एका घरात दोन माणसं बसवली तर कोण कशाला अडवतंय? पंधरा घरं मिळाली की झालं."

"आपल्या गल्लीत सतरा घरांत कॉम्प्युटर आहे," नयना म्हणाली. "सगळ्यांची मुलं बारावीला होती ना."

मी ठाम नकार दिला. विद्यापीठांचे प्राध्यापक लोकांच्या बैठकीत नेऊन बसवायचे? निरीक्षकांनी काय गल्लीतून हिंडायचं? संस्थेची काही प्रतिष्ठा आहे, माझीही थोडीफार आहे. हे मी बोलत असताना नयना पायात चपला घालत होती. तासाभराने ती पंधरा घरं पक्की करून आली. त्यासाठी तिने काय सांगितलं, तर "डॉक्टर साहब की नौकरी का सवाल है." सवाल नोकरीचा नव्हता, पदोन्नतीचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो तर सगळी गल्ली माझ्याकडे निलंबित माणसाकडे बघावं तशी बघत होती. निगमांच्या आजींनी तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शुक्रवारी दहा वाजता संस्थेची बस गल्लीच्या तोंडाशी लागली. मी रात्रीच तक्ता केला होता, कोणत्या घरात कोणते दोघे, आणि तो हातात धरून मी माणसं वाटत सुटलो. तक्त्यात फक्त संशोधक होते. घरं मी लक्षात घेतली नव्हती. निगमांचा कॉम्प्युटर देवघरात, म्हणून कानपूरच्या दोन प्राध्यापकांना मोजे काढून, कमरेचे चामडी पट्टे काढून आत जावं लागलं, आणि ते दिवसभर एका हाताने पँट धरून काम करत होते. रस्तोगींचा कॉम्प्युटर तीन आच्छादनांखाली होता. वरचं प्लास्टिकचं, मधलं भरतकामाचं आणि आतलं कंपनीचं. ती निघाल्यावर कळलं की पासवर्ड बेंगळुरूच्या मुलाला ठाऊक, आणि मुलगा मीटिंगमध्ये. रस्तोगीजींनी त्याच्या ऑफिसात फोन करून घरात इमर्जन्सी असल्याचं सांगितलं. मुलगा घाबरून बाहेर आला, पासवर्ड त्याने दिला, पण त्यानंतर दोन तास तो दर दहा मिनिटांनी आईची तब्येत विचारत होता.

खरी अडचण मात्र खाण्याची झाली. घरात पाहुणा आला आणि सरळ कॉम्प्युटरपुढे बसला, हे लखनौच्या बाईला सहन होत नाही. आधी चहा, मग कचोरी, मग मटारचा निमोना, मग गाजराचा हलवा. एका घरात हलवा झाल्याची बातमी दुसऱ्या घरात पोचली की तिथे लगेच कढई चढायची. साडेबारापर्यंत तिसातल्या फक्त पाच उत्तरपत्रिका माझ्या हातात आल्या, आणि त्यातल्या दोनवर तूप होतं. मी घरोघरी जाऊन हात जोडत होतो, "भाभीजी, इन्हें अब मत खिलाइए." भाभीजी डोळ्यांत पाणी आणून म्हणायच्या, आप चिंता मत कीजिए डॉक्टर साहब, कहीं न कहीं दूसरी नौकरी मिल जाएगी, आणि मलाही एक कचोरी मिळायची.

शहाना रिज़वी रस्तोगींकडे होत्या. मी गेलो तेव्हा माणसाचं अकरावं गुणसूत्र पडद्यावर आडवं पसरलं होतं, आणि रस्तोगीजी नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन ते तपासत होते.

"तो इसमें सबका दर्ज है?" त्यांनी विचारलं.

"जी, सबका," शहानाजी म्हणाल्या.

"रस्तोगी किस पन्ने पर हैं?"

"अलग से कोई नहीं है, भाई साहब. कुछ लोगों ने अपना खून दिया, नाम नहीं दिया. उसी से पूरी किताब बनी. थोड़ा-बहुत फ़र्क छोड़ दीजिए तो आपका भी यही है, मेरा भी यही है."

रस्तोगीजी पडद्यावर नाव शोधतच राहिले. सचिवालयात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला बिननावाचा कागद पचणं अवघड जातं. मग त्यांच्या पत्नी हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. त्यांना गेली अकरा वर्षं मधुमेह. "बहनजी, जो सुई हम रोज़ लेते हैं, वो इसमें कहाँ है?" त्यांनी विचारलं, आणि शहानाजींनी त्यांना शेजारी खुर्चीवर बसवून घेतलं. मला थांबायला वेळ नव्हता.

दीड वाजता डाव्या बाजूची लाइट गेली. आमच्या गल्लीत डावी बाजू एका फेजवर आणि उजवी दुसऱ्या, त्यामुळे कधीही अर्धी गल्लीच अंधारात असते. डाव्या बाजूचे चौदा संशोधक आपापल्या यजमानांसह, वाट्यांसह रस्ता ओलांडून उजव्या बाजूच्या घरांत घुसले. एकेका घरात चार-चार माणसं झाली. पुन्हा सगळ्यांनी एकदम दाबलं तर? मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत ओरडत होतो, "एक साथ मत दबाइए! बारी-बारी से! कोई जल्दी नहीं है!" काल एक-दो-तीन म्हणणारा माणूस तो हाच का, अशा नजरेने लोक खिडकीतून बघत होते. मैत्रेयी मात्र गेटवर उभी राहून पोट धरून हसत होती.

साडेतीन वाजता डॉ. पद्मा राघवन यांची गाडी आली. त्या आधी संस्थेत जाऊन आल्या होत्या, तिथे हॉलला कुलूप आणि दारावर 'कार्यशाला सेक्टर एच में' असा कागद पाहून आल्या होत्या. उंच, पांढरे केस, हातात फॉर्म. मी त्या वेळी रस्त्याच्या मधोमध होतो आणि माझ्या गळ्यात निगमांचा एक्स्टेन्शन बोर्ड होता. मी तसाच नमस्कार केला.

"डॉक्टर सबनीस, मेरी साढ़े छह की फ़्लाइट है. पौने पाँच पर मुझे निकलना है. ट्रेनिंग कहाँ है?"

मी हाताने सगळी गल्ली दाखवली. त्यांनी एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा बोर्डाकडे, आणि सर्वांत जवळच्या घरात शिरल्या. ते घर रस्तोगींचं होतं. डाव्या बाजूची लाइट नुकतीच परत आली होती. माउस रस्तोगी भाभींच्या हातात होता आणि हळदीने पिवळा झाला होता. शहाना रिज़वी मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"इनमें पार्टिसिपेंट कौन है?" पद्माबाईंनी विचारलं.

"ये हैं," भाभींनी मागे बोट दाखवलं. "इनका पर्चा हो गया. अब हम कर रहे हैं."

"आप क्या कर रही हैं?"

"इन्सुलिन निकाला है. देखिए, ग्यारह नंबर पर है, बिल्कुल किनारे के पास. तीन टुकड़ों में है. अब चूहे वाला देखेंगे, बहनजी कहती हैं कि उसके पास दो हैं. हमसे तो चूहा अच्छा."

पद्माबाईंनी शहानाजींची उत्तरपत्रिका मागून घेतली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं की हे सगळं तुम्ही स्वतः शोधलंत का. शहानाजी म्हणाल्या, "जी. आज पहली बार." एवढं बोलून त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. मीही माझा बोर्डाकडे वळवला.

सव्वाचारपर्यंत पद्माबाई अकरा घरं फिरल्या. कुठेही बसल्या नाहीत, कचोरी मात्र दोन ठिकाणी खाल्ली. माझ्याजवळ एकोणतीस उत्तरपत्रिका जमल्या होत्या. तिसावी मिश्रांकडे अडकली होती. त्यांच्याकडे फोनची आणि इंटरनेटची तार एकच, आणि मध्ये बसवायची छोटी डबी मिश्राजींनी अर्थिंग सुधारताना काढून ठेवली होती. त्यामुळे फोन वाजला की इंटरनेट पडायचं. फैज़ाबादचा एक तरुण प्राध्यापक सकाळपासून तेच जनुक नवव्यांदा शोधत होता.

"उनतीस हैं," पद्माबाई घड्याळ बघत म्हणाल्या. "नियम में तीस लिखा है, डॉक्टर साहब. उनतीस पर मैं 'हाँ' नहीं लिख सकती."

मी मोबाइल काढला आणि मिश्रांना फोन लावला. "मिश्राजी, हुआ क्या?" पलीकडून मिश्राजींचा आवाज आला, "हो ही रहा था, डॉक्टर साहब, अभी फिर गिर गया." मी दोन मिनिटं कशीबशी काढली, पुन्हा लावला. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा लावणार तोच नयनाने येऊन माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"सकाळपासून त्यांच्याकडे कोण फोन करतंय माहीत आहे का तुम्हाला?" तिने विचारलं. "मिश्रा भाभींनी वहीत लिहून ठेवलंय. एकवीस फोन आले. एक त्यांच्या नणंदेचा. बाकीचे वीस तुमचे."

नयनाने मोबाइल पदरात बांधला. पद्माबाई मिश्रांच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग मैत्रेयी आली, मग रस्तोगी आले, मग निगमांच्या आजी. बघता बघता सगळी गल्ली फाटकाशी गोळा झाली आणि कुणीही बोलेना, जणू आवाजानेसुद्धा इंटरनेट पडेल. चार चाळीस झाले. चार बेचाळीसला फैज़ाबादचा प्राध्यापक दोन पानं हवेत हलवत बाहेर आला. गल्लीत जी आरोळी उठली ती मला अजून ऐकू येते. निगमांच्या आजींनी त्याला मिठी मारली, तो लाजला, आणि मी फाटकाच्या खांबाला टेकून खाली बसलो.

पद्माबाईंनी गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला, चौकोनात 'होय' लिहिलं आणि खाली सही केली. मग पेन तसंच हातात ठेवून म्हणाल्या, "रिमार्क के कॉलम में क्या लिखूँ? तीस की जगह इकतीस को सिखाया, यह लिख दूँ?" मी म्हटलं, लिहा. रस्तोगी भाभींनी आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि स्पेलिंग तपासून घेतलं.

सोमवारी त्रिवेदीजींचं पत्र मेलने, दोन्ही भाषांत रवाना झालं. त्यात दहा व्यक्ती मनुष्य असल्याचं प्रमाणित केलं होतं आणि उरलेल्या बावीस जणांविषयी या कार्यालयाकडे कोणतीही माहिती उपलब्ध नाही असं नमूद केलं होतं. अमेरिकेतल्या माणसांनी ते कसं वाचलं कोण जाणे, पण दार त्याच रात्री उघडलं.

जुलैत मुलाखत झाली. निवड मंडळाच्या अध्यक्षांनी माझी फाईल उलटसुलट केली आणि विचारलं, "स्थान: सेक्टर एच की गली. ये टाइपिंग की गलती है?" मी म्हटलं, नाही, आणि पुढची पंधरा मिनिटं मी एकटाच बोललो. शास्त्राविषयी त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र हातात पडलं. ते मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून तीनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून नाव आपलंच आहे ना ते बघितलं, आणि सात महिने छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, मी जिन्यात रडलो.

घरी पोचेपर्यंत नयनाने गल्लीला सांगून टाकलं होतं. फाटकाशी सगळे उभे होते. मिश्राजींनी डबी परत बसवली असावी, कारण रस्तोगीजी त्यांच्याच फोनवरून, तार खिडकीबाहेर ओढून, बेंगळुरूला मुलाशी बोलत होते. "बेटा, बधाई हो," ते ओरडत होते, "हम लोगों का प्रमोशन हो गया!"

वस्तुस्थितीच्या बाबतीत मी काटेकोर माणूस आहे. पदोन्नती शासनाने मला दिली होती, पत्रावर नाव माझं होतं, आणि हे समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलंही. तेवढ्यात मिश्राजींनी गंभीरपणे विचारलं, "तो डॉक्टर साहब, अब हम लोग क्या कहलाएँगे?"

मी पत्राची घडी उघडली आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"सायंटिस्ट एफ," मी म्हटलं. "आज से हम लोग सायंटिस्ट एफ हैं."